न पाठवलेल्या गाठी

काशीत दशाश्वमेधावरून नदीकाठाने दक्षिणेकडे चालू लागले की शीतला घाट आणि अहिल्याबाई घाट मागे टाकल्यावर मुन्शी घाट येतो. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला. पुढे १९१५ मध्ये त्यातला मोठा भाग दरभंग्याच्या महाराजांनी घेतला आणि शेजारी दरभंगा घाट हे नाव रुळले. नागपूरच्या पैशाने उभ्या राहिलेल्या या पायऱ्यांवर यात्रेकरूंइतकाच हक्क कुत्र्यांचाही आहे. काळभैरव हा काशीचा कोतवाल आणि कुत्रे त्याचे वाहन, त्यामुळे घाटावरच्या कुत्र्याला बिस्किट, पोळी, दूध कोणी ना कोणी घालतेच. पण त्याच कुत्र्याच्या मागच्या अंगाने थेंब थेंब रक्त गळत असले तर मादी असल्यास ‘माजावर आली असेल’ आणि नर असल्यास ‘कुठेतरी लागले असेल’ एवढे म्हणून माणसे पुढे जातात. हे चित्र एकट्या काशीचे नाही. पुणे, नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, कुठल्याही गावातल्या मोकाट कुत्र्यांमध्ये ते दिसते.

पुष्कळदा ते रक्त माजाचे नसते आणि जखमेचेही नसते. ती पशुवैद्यकांच्या बोलण्यातली ‘टीव्हीटी’ असते, म्हणजे समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारी गाठ. इथे रोगजंतू पसरत नाही, कर्करोगाची पेशीच एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाऊन रुजते. रशियन पशुवैद्यक नोविन्स्की यांनी १८७६ मध्ये ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली आणि गाठ एका प्राण्यातून दुसऱ्यात जाऊ शकते हे प्रयोगाने सिद्ध झाले. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात, या गाठीच्या पेशीत साधारण ५७ ते ६४. जगात कुठेही पाहा, गाठीचा वारसा तोच निघतो. ४३ देशांतल्या ५४६ गाठींचा जनुकीय अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ही गाठ चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियातल्या एखाद्या कुत्र्यात सुरू झाली असावी. तो कुत्रा केव्हाच गेला, पण त्याच्या पेशी आजही घाटावर आणि आपल्या गल्लीत जगत आहेत. सगळ्या प्राणिविश्वात असा आपणहून पसरणारा कर्करोग आणखी फार थोड्या ठिकाणी सापडला आहे. टास्मानियन डेव्हिल या प्राण्याच्या चेहऱ्यावरची गाठ, जी १९९६ मध्ये प्रथम नजरेस आली, आणि समुद्रातल्या काही शिंपल्यांमधला कर्करोग, एवढीच काय ती मुख्य उदाहरणे.

ब्रिटनमध्ये आज टीव्हीटी सापडली तर ती बहुतेक परदेशातून आणलेल्या कुत्र्यात सापडते. तिथल्या पशुवैद्यकाला ती पुस्तकात वाचलेली गोष्ट. आपल्याकडे शिकाऊ विद्यार्थ्यालाही ती पहिल्या वर्षा-दोन वर्षांत पाहायला मिळते. बैलाच्या शिंगाच्या कर्करोगाचे तेच. युरोप-अमेरिकेत हा रोग सहसा दिसत नाही, कारण तिथली गुरे वेगळ्या वंशाची, शिंगे लहानपणीच काढलेली आणि बहुतेक तरुणपणीच कापली जाणारी. आपल्याकडे मात्र कामाचा बैल पाच ते दहा वर्षांचा झाला की तो मान एका बाजूला कलती धरू लागतो, शिंग दावणीवर घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ स्राव येतो आणि शेवटी शिंग बुडातून हलायला लागते. विदर्भ-मराठवाड्यातल्या जुन्या शेतकऱ्याला हे चित्र सांगावे लागत नाही. रोग दुर्मिळ ठरतो तो कोणत्या गावात, कोणत्या काळात आणि किती तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली गेले यावर. या लेखात मला मुख्यतः तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे. आपल्याकडे पाळीव आणि रानटी प्राण्यांचे पुष्कळ आजार दुर्मिळ म्हणून सोडून दिले जातात, आणि त्यातल्या कित्येकांचा तुकडा, थेंब किंवा शव कधी कुठे पाठवलेलेच नसते.

टीव्हीटीपासूनच पाहू, कारण तिचे निदान स्वस्त आहे. गाठीवर काचपट्टी टेकवायची, सुकवायची, गिम्सा किंवा लिशमन रंग चढवायचा आणि पाहायचे. गोल पेशी, मोठे केंद्रक, पेशीद्रवात स्वच्छ रिकाम्या पोकळ्या. जननेंद्रियावरची गाठ असेल तर अनुभवी डॉक्टर नुसत्या नजरेनेही ओळखतात. उपचारही आहे. आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टीनचे इंजेक्शन, साधारण चार ते सहा वेळा, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. कर्करोग म्हटल्यावर इतके आशादायक उत्तर क्वचितच मिळते.

अडचण येते ती गाठ नेहमीच्या जागी नसते तेव्हा. कुत्री एकमेकांना हुंगतात, चाटतात, त्यामुळे हीच पेशी नाकात, डोळ्याच्या कोपऱ्यात, ओठावर किंवा कातडीत रुजते. नाकात रुजली की नाकातून रक्त येते. आपल्याकडे कुत्र्याच्या नाकातून रक्त आले की पहिला संशय गोचीड तापाचा, म्हणजे एर्लिकियाचा. तो संशय बहुतेक वेळा योग्यच असतो. डॉक्सिसायक्लिन सुरू होते, रक्त थोडे थांबते, पुन्हा येते, पुन्हा औषध, आणि तोवर आत गाठ हाडाला लागलेली असते. नेहमीचा आजार दुर्मिळ आजाराला झाकतो तो असा. रक्त एकाच नाकपुडीतून येत असेल, चेहरा एका बाजूला सुजत असेल, दोन आठवड्यांच्या औषधाने फरक पडत नसेल तर नाकाच्या आतला नमुना घ्यायलाच हवा. त्याला खर्च येतो, पण चुकीच्या औषधाचे तीन महिने त्याहून महाग पडतात.

कातडीवरच्या आणि स्तनातल्या गाठींबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण घरात कुत्रे-मांजर असलेल्या बहुतेक कुटुंबांवर हा प्रसंग येतो. गाठ हाताला लागली की दोन सल्ले मिळतात, ‘बघू या वाढते का’ आणि ‘काढून टाकू या’. दोन्हींच्या मध्ये एक पायरी आहे आणि तीच वगळली जाते. साध्या इंजेक्शनची बारीक सुई गाठीत घालून चार पेशी बाहेर काढायच्या आणि काचपट्टीवर पसरायच्या. भूल लागत नाही, टाका लागत नाही. चरबीची गाठ, पू, रक्ताची गाठ आणि पेशींची खरी वाढ एवढा फरक यातून बहुतेक वेळा कळतो. गोल पेशींच्या गाठी, म्हणजे मास्ट पेशींची गाठ, लिम्फोमा, तरुण कुत्र्यातला आपोआप जिरणारा हिस्टिओसायटोमा आणि टीव्हीटी, या सुईने फार चांगल्या ओळखू येतात. मास्ट पेशींची गाठ आधी कळली तर शल्यचिकित्सक भोवतालची कातडी आणि खालचा थर मोठ्या कडेने काढतो. आधी कळली नाही तर गाठ पुरती निघत नाही, उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात, आणि दुसऱ्या वेळी तेवढी कातडीच शिल्लक नसते.

स्टेरॉइडबद्दलही सांगायलाच हवे. कुत्र्याच्या जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे गाठी सुजल्या की काही ठिकाणी लगेच प्रेडनिसोलोन सुरू होते. कुत्रे दोन दिवसांत खाऊ लागते, गाठी बसतात, घरचे खूश होतात. लिम्फोमा असेल तर याच दोन दिवसांत निदान अवघड होते आणि पुढच्या केमोला रोग दाद देईनासा होऊ शकतो. सुई आधी, स्टेरॉइड नंतर, हा क्रम डॉक्टर पाळत नसतील तर घरच्या माणसाने विचारावे, ‘डॉक्टर, नमुना घेतला का?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आता काढलेल्या गाठीचे काय होते ते पाहा. शस्त्रक्रिया होते, गाठ ट्रेमध्ये पडते, डॉक्टर ती मालकाला दाखवतात, मालक मान हलवतो, गाठ कचऱ्यात जाते. कुत्रीच्या स्तनातल्या गाठींपैकी साधारण निम्म्या घातक असतात असे पाठ्यपुस्तके शिकवतात. मांजरीच्या बाबतीत दहापैकी आठ किंवा त्याहून जास्त. नुसते पाहून ते कळत नाही. गाठ दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, गाठीच्या दहापट द्रावणात, एक सेंटिमीटरपेक्षा जाड राहणार नाही अशा बेताने चिरून ठेवायची आणि पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायची, इतके साधे काम आहे. मिठाच्या पाण्यात किंवा कोरड्या डबीत ठेवलेली गाठ वाटेतच कुजते. फ्रीजरमध्ये गोठवलेली गाठ बर्फाच्या स्फटिकांनी फाटते. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये कडक झाली की बाहेर निघत नाही, बाटली फोडावी लागते. हे छोटे तपशील वर्गात शिकवले जातात आणि दवाखान्याच्या गर्दीत विसरले जातात.

गाठ दिसते तेव्हा ती कर्करोगच असते असेही नाही, आणि आपल्या हवामानात तर हे वारंवार आठवावे लागते. गाय झोपेत घोरावे तसा आवाज जागेपणी श्वास घेताना करू लागते, नाकात फुलकोबीसारखी वाढ दिसते. बघणाऱ्याला अर्बुद वाटते. प्रत्यक्षात तो शिस्टोसोमा नेझाले नावाच्या रक्तकृमीचा उपद्व्याप असतो. तळ्या-डबक्यातल्या गोगलगायीतून तो गुरांना लागतो, आणि नाकातल्या स्रावात बूमरँगच्या आकाराची अंडी सापडली की प्रश्न मिटतो. कुत्र्यांत स्पायरोसर्का लुपी नावाचा कृमी अन्ननलिकेच्या भिंतीत गाठी करतो. शेणकिडा खाल्ल्याने तो लागतो, त्यामुळे मोकाट आणि गावातल्या कुत्र्यांत तो अधिक. कुत्रे खाल्लेले लगेच ओकते, वाळत जाते. विशेष म्हणजे या कृमीच्या गाठीचे पुढे खऱ्या सार्कोमात रूपांतर होऊ शकते. परजीवीपासून कर्करोगापर्यंतची वाट इतकी स्पष्ट दिसणारी उदाहरणे कमी आहेत, आणि ती पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. छातीच्या क्ष-किरण चित्रात मागच्या छातीतल्या मणक्यांच्या खालच्या बाजूला हाडाची खरखरीत वाढ दिसली की अन्ननलिकेत दुर्बीण घालावी, हे भारतात काम करणाऱ्या डॉक्टरच्या बोटांवर असायला हवे.

पक्षी, ससे, कासवे यांच्याकडे वळले की निदान आणखी निसरडे होते. यांच्यातले बहुतेक प्राणी शिकार होणारे आहेत आणि आजार लपवणे हा त्यांच्या जगण्याचा भाग आहे. पोपट पिसे फुगवून बसला म्हणजे तो आज आजारी पडलेला नसतो. आज त्याची ताकद संपलेली असते. बजरीगर पक्षी एका पायाने लंगडू लागला तर घरातले पाय पाहतात, डॉक्टरही पाय पाहतात, आणि हाड शाबूत असते. मूत्रपिंडाची किंवा जननग्रंथीची गाठ आतून पायाच्या नसेवर दाब देत असते. नर बजरीगरच्या चोचीवरची निळी पट्टी तपकिरी होऊ लागली तर वृषणातल्या, मादीसंप्रेरक स्रवणाऱ्या गाठीचा संशय घ्यायचा असतो. हा रंगबदल घरातल्या शाळकरी मुलीलाही दिसू शकतो, फक्त त्याचा अर्थ कुणीतरी सांगितलेला हवा.

पस्तीस ग्रॅमच्या या पक्ष्यातून रक्त किती काढणार? शरीराच्या वजनाच्या एक टक्क्यापर्यंत, म्हणजे ०.३ मिलिलीटरच्या आसपास. त्यात सगळ्या चाचण्या बसवायच्या. शिवाय पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या रक्तासाठी बनवलेले यंत्र त्या पेशींना पांढऱ्या समजून मोजते आणि भलताच आकडा छापून देते. इथे सूक्ष्मदर्शकाशी बसून हाताने मोजणारा माणूस लागतो. अहवालावर यंत्राचा आकडा सुबक छापलेला असला तरी त्यावर पोपटाचे औषध ठरवू नये.

फक्त बियांवर वाढवलेल्या पोपटाच्या तोंडात पांढरट गाठी येतात. त्या बहुतेक ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने साचलेल्या असतात. घरातल्या टाकीतल्या लाल कानाच्या कासवाच्या डोक्याला एका बाजूने फुगवटा येतो. मालक ट्यूमर म्हणून आणतात आणि आत कानात घट्ट, चीजसारखा पू निघतो, कारण तेच, अन्न आणि अस्वच्छ पाणी. उलट नसबंदी न केलेल्या सशाच्या मादीला लघवीत रक्त आले तर ते मुतखड्याचे समजले जाते. ससे मुळात लालसर रंगाची लघवी करूही शकतात, त्यामुळे दुर्लक्षही होते. चार वर्षांवरच्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग इतका सर्रास आहे की काही अभ्यासांत निम्म्याहून अधिक माद्यांत तो सापडला आहे. म्हणजे एका प्राण्यात जे अर्बुद समजले जाते ते पू निघते आणि दुसऱ्यात जे मुतखडा समजले जाते ते अर्बुद निघते.

कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती निदानाच्या आड येते. हिरवा पोपट, म्हणजे आपला मिठू, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळता येत नाही. तारा कासवही नाही. तरीही हे दोन्ही प्राणी असंख्य घरांत आहेत, आणि आजारी पडले की घरची माणसे दवाखान्यात न्यायला घाबरतात. मग मेडिकलच्या दुकानातून अंदाजाने औषध येते. कायदा योग्य आहे, तो सैल करावा असे मी म्हणत नाही. पण आजारी प्राणी दवाखान्यात आणणाऱ्याला प्राणी सुपूर्त करण्याची सोपी, अपमान न करणारी वाट वनखाते आणि पशुवैद्यक मिळून काढू शकतात. परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर ऑनलाइन करता येते. त्या नोंदीतून निदान आपल्या शहरात कोणते प्राणी आहेत एवढे तरी डॉक्टरांना कळायला हवे.

मुन्शी घाटासमोरच्या पाण्याचीच गोष्ट घ्या. रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा गंगेचा सात किलोमीटरचा पट्टा १९८९ पासून कासव अभयारण्य होता, २०२० मध्ये तो अभयारण्यांच्या यादीतून काढला गेला. सारनाथला अंडी उबवून, पिले वाढवून ती या पट्ट्यात सोडली जात. अशा प्रकल्पातल्या एखाद्या कासवाला पाठीवर फोड आले किंवा ते तरंगू लागले तर ते आजारी आहे की नाही हे ठरवायला आधी निरोगी कासवाचे रक्त कसे असते ते माहीत असावे लागते. सरपटणाऱ्या प्राण्यांत ते आकडे ऋतूनुसार, तापमानानुसार, नर-मादीनुसार बदलतात. जानेवारीतल्या गंगेतले कासव आणि जूनमधले कासव यांचा निरोगीपणा आकड्यांत सारखा दिसत नाही. असे मूळ आकडे गोळा करणे कंटाळवाणे काम आहे आणि त्याला बक्षिसे मिळत नाहीत, पण दुर्मिळ रोगाचे निदान त्याच्यावरच उभे राहते.

गाठ नसलेल्या आजारांपैकी दोन सांगतो. पहिला अॅडिसन, म्हणजे मूत्रपिंडाशेजारच्या ग्रंथी थकून जाण्याचा आजार. तरुण किंवा मध्यम वयाचे कुत्रे, बरेचदा मादी, मधूनमधून ओकते, मलूल होते, जुलाब होतात. सलाइन लावले की दुसऱ्या दिवशी उड्या मारते. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. सलाइनच या आजाराला थोडा काळ बरे करते, त्यामुळे डॉक्टर आणि मालक दोघेही फसतात. सोडियम आणि पोटॅशियम यांचे गुणोत्तर २७ च्या खाली गेले की संशय घ्यायचा. मात्र चाबूककृमी पोटात असले तरी हेच गुणोत्तर बिघडते, म्हणून आधी विष्ठा तपासायची. रक्तातले साधे कॉर्टिसोल दर डेसिलिटरला दोन मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आले तर अॅडिसन जवळजवळ बाद होतो. ही चाचणी मानवी प्रयोगशाळेतही होते. सलाइनवर तीनदा बऱ्या झालेल्या कुत्र्याची ही तपासणी झालीच पाहिजे.

दुसरा मांजरांचा एफआयपी, म्हणजे विषाणूमुळे होणारा पोटाच्या आवरणाचा दाह. पोटात पिवळसर चिकट पाणी भरलेले तरुण मांजर. यात एक चाचणी घरच्या घरी होण्याइतकी सोपी आहे, रिव्हाल्टा. उर्ध्वपातित पाण्यात तीव्र अॅसेटिक आम्लाचा एक थेंब, आणि त्यात पोटातल्या पाण्याचा एक थेंब. तो आकार धरून राहिला किंवा हळूहळू खाली उतरला तर संशय वाढतो, विरघळून गेला तर एफआयपी बहुतेक नाही. होकारात जंतुसंसर्ग आणि लिम्फोमाही येऊ शकतात, म्हणून पेशीही पाहाव्या लागतात. पण नकार मौल्यवान असतो. पूर्वी हे निदान म्हणजे मृत्यूचा दाखला होता. जीएस-४४१५२४ या विषाणुरोधकाने २०१९ नंतर चित्र पालटले. आता चुकीचे निदान दोन्ही बाजूंनी महाग पडते.

जातीचे ज्ञानही इथे उपयोगी पडते. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरते. खरजेसाठी दिलेल्या इंजेक्शननंतर कुत्रे डोळे मिटून आडवे पडते आणि मालकाला वाटते, साप चावला. परदेशी जातींसाठी जनुकचाचण्यांची तयार यादी आहे. आपल्या कारवानी, पश्मी कुत्र्यांसाठी, गावठी कुत्र्यांसाठी कोणते दोष शोधायचे याची यादी आपल्यालाच करावी लागेल.

वन्यप्राण्यांच्या निदानाचा मोठा धडा गिधाडांनी दिला. राजस्थानच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना नव्वदच्या दशकाच्या शेवटी गिधाडे झपाट्याने कमी होताना दिसली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. पहिला संशय नव्या विषाणूवर होता. शवविच्छेदनांत अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर दिसत होता, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झालेली. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांत विषाणू, कीटकनाशके, जड धातू एकेक करून बाजूला केले. मग गिधाडे मेलेली गुरे खातात, तर त्या गुरांना काय दिले जाते, असा प्रश्न विचारला. उत्तर निघाले डायक्लोफेनॅक, सांधे-ताप-सुजेसाठी गुरांना सर्रास दिले जाणारे वेदनाशामक. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठीचे डायक्लोफेनॅक बंद केले. एका पक्ष्याच्या रोगाचे निदान गुरांच्या औषधाच्या दुकानात सापडले. ताजी शवे मिळाली आणि उघडून पाहिली गेली म्हणून ते सापडले.

२०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखानिया भागात तीन आठवड्यांत २३ सिंह मेले. आधी आपसातली झुंज, मग गोचीडातून येणारा बॅबेसिया अशी कारणे पुढे आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुन्यांत कॅनाइन डिस्टेम्परचा विषाणू दाखवला, जो कुत्र्याच्या पिलांना लस देऊन आपण रोज रोखतो. सेरेंगेटीत १९९४ मध्ये याच विषाणूने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले होते. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात २०२४ च्या डिसेंबरमध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या उच्चसुरक्षा प्रयोगशाळेने २०२५ च्या जानेवारीत बर्ड फ्लूचे, एच५एन१ चे, निदान दिले. नमुने वेळेवर गेले नसते तर हे चार मृत्यू न्यूमोनिया म्हणून नोंदले गेले असते असे मला वाटते. गुरांतला लम्पी २०१९ मध्ये ओडिशात प्रथम ओळखला गेला तेव्हा तो इथे अनोळखी होता. २०२२ पर्यंत महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना तो शब्द पाठ झाला.

संस्था आपल्याकडे जुन्या आहेत. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरच्या थंड डोंगरात गेली. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले, सीटी-एमआरआयच्या सोयींसह. मोठी यंत्रे येत आहेत ही चांगली गोष्ट. पण एमआरआय गाठीची जागा सांगतो, गाठीचे नाव सांगत नाही. नाव सांगणारा पॅथॉलॉजिस्ट जिल्ह्याच्या ठिकाणी सहसा नसतो. त्याच्याकडे पोचणारी डबी कुरियरवाला घेईल का, हाच प्रश्न तालुक्याच्या डॉक्टरपुढे असतो.

मुंबईत माणसांच्या कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदवही १९६३ मध्ये सुरू झाली, देशातली पहिली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या अलामेडा आणि कॉन्ट्रा कोस्टा या जिल्ह्यांत प्राण्यांच्या गाठींची नोंदवही सुरू झाली आणि कुत्र्या-मांजरांत कोणती गाठ किती, हे प्रथमच लोकवस्तीच्या प्रमाणात कळले. आपल्याकडे माणसांच्या नोंदवहीने तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते ठसठशीत केले. कुत्रे आपल्याच घरात, आपल्याच हवेत, आपल्याच पाण्यावर जगते आणि त्याचे आयुष्य बारा-चौदा वर्षांचे. कानपूर ते काशीच्या काठावर किंवा तारापूर, चंद्रपूरसारख्या औद्योगिक भागात कोणती गाठ कुठे जास्त आहे हे त्याच्यात आधी दिसू शकते.

प्राण्यांच्या गाठींची अशी नोंदवही सुरू करायला नव्या इमारतीची गरज नाही. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम २००१ चे, ते २०२३ मध्ये नव्याने आले. नसबंदीच्या केंद्रांत काढलेले अंडाशय, गर्भाशय आणि वृषण मोजून दाखवावे लागतात, म्हणून ते जपून ठेवले जातात, साधारणपणे फॉर्मॅलिनमध्येच. समिती येते, मोजते, आणि मग अवयव नष्ट केले जातात. नसबंदीसाठी पकडलेले प्रत्येक कुत्रे भुलीखाली आडवे असते. त्याच्या जननेंद्रियावर टीव्हीटी आहे का, स्तनात गाठ आहे का, हे त्या दहा मिनिटांत पाहून होते. काढलेल्या अवयवांपैकी वेगळे दिसणारे प्रत्येक आणि बाकीच्यांतले ठरावीक, एवढे जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागाला पाठवावेत आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ते पाहावेत. डबीवर पेन्सिलने लिहायचे, कारण शाई फॉर्मॅलिनमध्ये उतरते. पकडल्याची जागा, अंदाजे वय, नर की मादी, गाठ कुठे, केवढी, तारीख. टीव्हीटी आढळली तर कुत्रे सोडण्याआधी व्हिन्क्रिस्टीनचा पहिला डोस तिथेच द्यायचा आणि पुढच्या आठवड्यांसाठी ते पिंजऱ्यात ठेवायचे की त्याला रोज खाऊ घालणाऱ्या माणसाच्या हवाली करायचे, हे केंद्राने त्या माणसाला विचारून ठरवायचे.